छापण्यास हरकत नाही

गॅलिलिओचा ‘संवाद’ फ्लॉरेन्समध्ये १६३२च्या फेब्रुवारीत छापून बाहेर पडला. फिरते ती पृथ्वी की सूर्य, यावर तीन माणसं चार दिवस वाद घालतात, असं ते पुस्तक. त्याचं शीर्षकपान उलटलं की मागच्या बाजूला पाच परवानग्या एकाखाली एक छापलेल्या दिसतात. पहिली रोममधल्या एका बिशपची. तिच्यात म्हटलं आहे की, पोपच्या राजवाड्यातल्या मुख्य धर्मपंडितांना योग्य वाटल्यास छापावे. दुसरी त्या मुख्य पंडितांची, म्हणजे निकोलो रिक्कार्दी यांची. तिसरी फ्लॉरेन्सच्या आर्चबिशपच्या प्रतिनिधीची, चौथी तिथल्या इन्क्विझिटरची, पाचवी ग्रँड ड्यूकच्या सरकारची. शेवटच्या तीन परवानग्यांवर सप्टेंबर १६३०च्या तारखा आहेत. पाचवी इटालियनमध्ये आहे. वरच्या चार लॅटिनमध्ये, आणि चारही एकाच शब्दाने सुरू होतात: इम्प्रिमातुर.

सरकारी कचेरीत ज्याने एकदा तरी फाईल फिरवली आहे त्याला हे पान परकं वाटायचं नाही. पहिल्या बिशपने तर आपल्याकडच्या कोणत्याही अव्वल कारकुनाला शोभेल असा शेरा मारला आहे. होकार दिला, पण ‘वरिष्ठांना योग्य वाटल्यास’. उद्या प्रकरण अंगावर आलं तर कागद साफ.

आणि प्रकरण अंगावर आलंच. २२ जून १६३३ रोजी सत्तरीला आलेल्या गॅलिलिओने रोममध्ये गुडघे टेकून आपली मतं मागे घेतली. पुस्तक निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेलं. त्या यादीतून ते वगळलं गेलं १८३५च्या आवृत्तीत. पाच परवानग्या असलेलं पुस्तक दोनशे वर्षं निषिद्ध राहिलं.

हा शब्द आज इंग्रजीत ‘इम्प्रिमाटर’ म्हणून नांदतो आणि तोही मोठ्या मानाने. अमुक धोरणाला अर्थखात्याचा इम्प्रिमाटर आहे, तमुक ग्रंथाला विद्यापीठाचा आहे, असं इंग्रजी अग्रलेखांत वाचायला मिळतं. अर्थ असा की, वजनदार माणसाने किंवा संस्थेने त्यावर पसंतीची मोहोर उठवली आहे. मूळ शब्दात मात्र पसंतीचा मागमूस नाही. ‘इम्प्रिमेरे’ म्हणजे दाबून उमटवणं, छापणं. इंग्रजी ‘प्रिंट’सुद्धा त्याच कुळातला. त्या क्रियापदाचं कर्मणी विध्यर्थी रूप म्हणजे इम्प्रिमातुर: छापले जावे. कोणी छापावे, कोण म्हणतो छापावे, चांगलं आहे म्हणून छापावे की नाइलाज आहे म्हणून, याचा काही पत्ता नाही. कर्ता गायब करण्याची ही सोय सत्तेला सगळ्याच भाषांत आवडते. आपल्या शासन निर्णयांतही कोणी मान्यता देत नसतं. मान्यता ‘देण्यात येत असते’.

या शब्दाचा एक जोडीदार आहे, तो मला जास्त बोलका वाटतो. चर्चच्या रीतीत आधी नेमलेला परीक्षक हस्तलिखित वाचतो आणि लिहितो, ‘निहिल ऑब्स्टाट’. म्हणजे आड काही येत नाही. हरकत नाही. मग बिशप त्याखाली इम्प्रिमातुर देतो. ‘ना हरकत प्रमाणपत्र’ हा कागद आपल्याला इंग्रजी अमदानीची देणगी वाटतो. त्यामागचा विचार असा पोपच्या दरबारापर्यंत जाऊन भिडतो. दोन्ही शब्दांत स्तुती कुठेच नाही. विसाव्या शतकातल्या कॅथलिक पुस्तकांत तर या दोन शिक्क्यांखाली खुलासाच छापलेला असे: पुस्तकात धर्ममताला बाधक असं काही नाही एवढाच याचा अर्थ; शिक्का देणाऱ्यांना लेखकाची मतं मान्य आहेत असं समजू नये. आपल्या साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या पुस्तकांतला ‘लेखकाच्या मतांशी मंडळ व शासन सहमत असेलच असे नाही’ हा मजकूर ज्याने वाचला आहे त्याला हा सूर लगेच ओळखू येईल.

मग नुसतं ‘हरकत नाही’ एवढंच सांगणारा शब्द ‘आमची पसंती आहे’ या अर्थाला पोचला कसा? माझं म्हणणं असं की, परवानगीला किंमत आली ती परवानगी देणाऱ्याच्या हातातला सोटा गेला तेव्हा. ज्याच्या हातात अडवण्याची सत्ता आहे त्याच्या होकारावरून पुस्तकाबद्दल काहीच कळत नाही. कळतं ते एवढंच की, त्या दिवशी त्याला भीती वाटली नाही. ज्याला अडवता येत नाही, पण ज्याला आपलं नाव द्यायचं की राखायचं हे ठरवता येतं, त्याच्या होकारालाच अर्थ असतो.

हे पाहायला थोडं मागे जावं लागेल. छापखाना युरोपात पसरला तो पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात. चर्चने आधी त्याचं स्वागतच केलं. प्रार्थनेची पुस्तकं स्वस्त झाली, माफीपत्रं हजारांनी छापता येऊ लागली. धोका ध्यानात आल्यावर १४८७ साली आठव्या इनोसंट पोपने फर्मान काढून पुस्तकं आधी तपासून घ्या असं बजावलं आणि १५१५ साली दहाव्या लिओने ते बंधन सगळ्या ख्रिस्ती जगाला घातलं. निषिद्ध ग्रंथांची रोमची पहिली मोठी यादी १५५९ची. पण लूथरने १५१७ साली आपली कलमं मांडली त्याच्या आधीच पूर्वपरवानगीचं यंत्र जागेवर होतं. लूथरला ते थोपवू शकलं नाही, हे वेगळं सांगायला नको. जर्मनीत पंचवीस-तीस मैलांवर दुसरा राजा आणि दुसरा छापखाना होता.

गॅलिलिओच्या खटल्यात पाच परवानग्यांचं काय झालं? त्याच्या बाजूने उभ्या राहणं दूरच, त्या त्याच्यावरच उलटल्या. १६१६ साली त्याला सूर्यकेंद्री मताबद्दल ताकीद मिळाली होती. परवाना मागताना ती त्याने रिक्कार्दींना सांगितली नाही, तेव्हा परवाना लबाडीने मिळवला, असं निकालपत्राने धरलं. प्लेगमुळे सगळं हस्तलिखित रोमला पाठवता आलं नव्हतं, बरीच तपासणी फ्लॉरेन्सला सोपवली होती, तरी रोमच्या परवानग्या फ्लॉरेन्सच्या पुस्तकावर छापल्या, हाही ठपका. परवाना देणाऱ्यांनाही बोल लावला गेला. पूर्वपरवानगीची गोम इथे आहे. लेखकाला वाटतं, शिक्का मिळाला, आता आपण सुरक्षित. सत्तेच्या लेखी मात्र शिक्का म्हणजे लेखकाने दिलेला जबाब. प्रकरण बिघडलं की पहिला प्रश्न ‘हे लिहिलं कसं’ हा नसतोच. ‘आमच्याकडून सही कशी घेतली’ हा असतो.

गॅलिलिओला ताकीद मिळाली त्याच १६१६ साली गोव्यात, रायतूरच्या जेझुइट कॉलेजात, एक मराठी पुस्तक छापलं गेलं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’. जवळजवळ अकरा हजार ओव्या. मुखपृष्ठावर पोर्तुगीजमध्ये नोंद: पवित्र इन्क्विझिशन आणि धर्मप्रांताधिकारी यांच्या परवानगीने. मराठीतल्या या पहिल्या मोठ्या छापील काव्याच्या पहिल्याच पानावर इन्क्विझिशनचा शिक्का आहे, ही गोष्ट आपण वाङ्मयेतिहासात फारशी घोळवत नाही. स्टीफन्स जन्माने इंग्रज. त्यांच्या मायदेशात १५८६च्या हुकुमाने पुस्तकं तपासण्याचं काम कँटरबरीच्या आर्चबिशपकडे आणि लंडनच्या बिशपकडे होतं आणि तिथे कॅथलिक जेझुइटाला परवाना मिळणं अशक्य. तिकडे जे लिखाण राजद्रोह ठरलं असतं तेच इकडे पवित्र. परवानगी पुस्तकाचे गुण पाहते असं ज्यांना वाटतं त्यांनी हा नकाशा समोर ठेवावा.

स्टीफन्सना खरी अडचण परवानगीची नव्हतीच, टाइपाची होती. १६०८ साली त्यांनी रोमला आपल्या संघाच्या प्रमुखांना पत्र लिहून इथल्या लिपीचे ठसे करून मिळावेत अशी विनंती केली. ते मिळाले नाहीत आणि मराठी ओव्या रोमन लिपीत छापाव्या लागल्या. पुढे १६४९ आणि १६५४ साली पुस्तक पुन्हा छापलं. १६८४मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं. शतकाच्या अखेरीस गोव्यातली छपाई थंडावली ती थेट १८२१ साली पुन्हा सुरू झाली. त्या तीनही छापील आवृत्त्यांची एकसुद्धा प्रत आज उपलब्ध नाही. परवानगीने छापलेलं सगळं नाहीसं झालं. उरल्या त्या भाविकांनी हाताने उतरवून काढलेल्या पोथ्या, काही रोमन लिपीत आणि लंडनमधली मार्सडेन संग्रहातली देवनागरीत. जोसेफ सालढाणांनी १९०७ साली मंगळूरला आवृत्ती काढली ती अशा हस्तलिखितांवरून. पोथी उतरवून घ्यायला कोणाच्या इम्प्रिमातुराची गरज पडली नाही, कारण ती छापली जात नव्हती. परवानगीच्या फर्मानात उतरवून घेण्याचं क्रियापदच नव्हतं.

आता इंग्लंड. १६४३च्या जूनमध्ये पार्लमेंटने, म्हणजे राजाविरुद्ध लढणाऱ्या पक्षानेच, पूर्वपरवाना पुन्हा लागू केला. पुढच्या वर्षी कवी मिल्टनने ‘ॲरिओपॅजिटिका’ ही पुस्तिका काढली, अर्थातच परवान्याशिवाय. तीत त्याने एका इटालियन पुस्तकाच्या पानावरचे असले तीन-चार इम्प्रिमातुर उतरवून दिले आणि हे मुंडण केलेले महंत एकमेकांना लवून नमस्कार करत पानभर उभे आहेत अशी टर उडवली. फ्लॉरेन्सला असताना आपण नजरकैदेतल्या वृद्ध गॅलिलिओला भेटलो होतो, हेही त्याने सांगितलं. परवाना ही पोपची रीत आहे, प्रॉटेस्टंट देशाला ती लाज आणणारी आहे, असा त्याचा रोख.

मिल्टनचं नाव आपल्याकडे विचारस्वातंत्र्याच्या व्याख्यानात हमखास येतं, पण पुढची कथा कोणी सांगत नाही. १६५१च्या सुमारास प्रजासत्ताकाच्या राजवटीत याच मिल्टनने एका सरकारी बातमीपत्राच्या परवान्याचं काम पाहिलं. राजेशाही परतली, १६६२ साली परवान्याचा कायदा नव्याने झाला आणि १६६७ साली ‘पॅरडाइज लॉस्ट’ छापताना आंधळ्या मिल्टनला आर्चबिशपच्या एका धर्मगुरूची संमती घ्यावी लागली. महाकाव्याच्या पहिल्या सर्गाचं हस्तलिखित न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे, त्यावर तो इम्प्रिमातुर आहे. ग्रहणाने राजे धास्तावतात अशा अर्थाच्या ओळींवर परीक्षक अडला होता, असं मिल्टनच्या सुरुवातीच्या एका चरित्रकाराने लिहून ठेवलं आहे. सैतानाचं एवढं मोठं बंड त्याला चाललं. राजाच्या धास्तीवर मात्र बोट ठेवलं.

हा कायदा १६९५ साली संपला आणि तो मिल्टनच्या वक्तृत्वाने संपला नाही. तो पुढे का चालू ठेवू नये याची जी कारणं कॉमन्स सभागृहाने मांडली त्यांत विचारस्वातंत्र्याचं तत्त्व जवळपास नाही. पुस्तकविक्रेत्यांच्या एका कंपनीला मक्तेदारी मिळते, परदेशी पुस्तकांच्या पेट्या जकातीवर अडकून पडतात, झडत्यांचा जाच होतो, अशी ती दुकानदारी कारणं. मला यात कमीपणा वाटत नाही. मोठी तत्त्वं पुष्कळदा अशाच बारीकसारीक कटकटींच्या खांद्यावरून कायद्यात शिरतात.

पण अर्थबदलाची नांदी त्याआधीच झाली होती. न्यूटनचं ‘प्रिन्सिपिया’ १६८७ साली आलं. त्याच्या शीर्षकपानावर न्यूटनच्या नावाखाली ठळक अक्षरांत आहे: इम्प्रिमातुर, एस. पेपीस, रॉयल सोसायटीचे अध्यक्ष, ५ जुलै १६८६. सॅम्युअल पेपीस म्हणजे नौदलाचा कारभार पाहणारा अधिकारी, ज्याची रोजनिशी पुढे गाजली तो. त्याला ‘प्रिन्सिपिया’तलं गणित कळलं असेल असं कोणी म्हणत नाही. सोसायटीची तिजोरी तर आदल्याच पुस्तकाने, माशांच्या एका सचित्र इतिहासाने, रिकामी केली होती. ‘प्रिन्सिपिया’चा खर्च एडमंड हॅलीने स्वतः केला आणि सोसायटीने त्याला पगारापोटी ते न खपलेलं माशांचं पुस्तक गठ्ठ्याने दिलं. म्हणजे या इम्प्रिमातुरामागे पैसा नाही आणि समजही बेताचीच. तरीही शब्दाचं वजन इथे पालटलं. रॉयल सोसायटीला आपल्या नावाने छापायला परवानगी देण्याचा अधिकार सनदेने होता, पण ते तिचं पोट भरायचं साधन नव्हतं आणि धाक घालायचं तर नव्हतंच. वाचकाने ती ओळ ‘यात आक्षेपार्ह काही नाही’ अशी वाचली नाही. जाणत्या लोकांच्या मंडळीने हे आपलं म्हटलं आहे, अशी वाचली. नऊ वर्षांनी परवान्याचा कायदा मेला आणि शब्दाला सक्तीचा आधार उरला नाही. तेव्हा शब्द मरायला हवा होता. तो प्रतिष्ठित झाला.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. अडवण्याची सत्ता नसलेली मंजुरी म्हणजे निव्वळ शोभा. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय इमारतीत माणसं राहायला गेली आणि ती कोसळली तर? औषध बाजारात आणण्याआधी कोणी तपासायचं नाही का? तपासायचंच, आणि अडवायचंही. पण तिथे तपासणाऱ्याकडे मोजपट्टी आहे. काँक्रीटचा ठोकळा दाबून तुटेपर्यंतचा भार मोजता येतो. खांब चुकला तर रहिवाशाला तो बोलून दुरुस्त करता येत नाही. पुस्तकाचं तसं नाही. चुकीच्या पुस्तकावर उपाय म्हणून दुसरं पुस्तक निघू शकतं. चुकीच्या खांबावर उपाय म्हणून दुसरा खांब वादविवाद करत नाही. तेव्हा ‘सगळ्याला परवानगी लागते तशी पुस्तकाला लागली तर काय बिघडलं’, हा युक्तिवाद कानाला सरळ वाटला तरी दोन वेगळ्या गोष्टींना एका दावणीला बांधतो.

भारतात न्यायालयांनी हा फरक अर्धवट मानला. वर्तमानपत्राला पूर्वतपासणी लावणं राज्यघटनेत बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५० साली ब्रिजभूषण खटल्यात सांगितलं. सिनेमाला मात्र ती चालते, असं १९७० साली ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात सांगितलं. चित्रपट मनावर जास्त खोल परिणाम करतो, हे कारण. आणीबाणीत वर्तमानपत्रांवर पूर्वतपासणी बसली तेव्हा मिनू मसानींनी आपल्या नियतकालिकातले नाकारलेले लेख घेऊन मुंबई उच्च न्यायालय गाठलं. १९७६च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की, सगळ्या पत्रांना एका वाऱ्याला शीड फिरवायला लावणं आणि एका सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं काम नव्हे. त्या काळात असं लिहायला छाती लागत होती.

दिलेली मोहोर परत घेतली जाते तेव्हा तिचा खरा कस लागतो. १९८४ साली व्हॅटिकनच्या सांगण्यावरून न्यूअर्कच्या आर्चबिशपना ‘ख्राइस्ट अमंग अस’ या धर्मशिक्षणाच्या पुस्तकावरचा इम्प्रिमातुर मागे घ्यावा लागला. तोवर ते दहा लाखांहून अधिक खपलं होतं. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’च्या अनघा लेले यांनी केलेल्या मराठी अनुवादाला राज्य शासनाचा पुरस्कार जाहीर झाला आणि सहा दिवसांत, १२ तारखेच्या शासन निर्णयाने, प्रशासकीय कारणास्तव रद्द झाला. निवड समितीही बरखास्त. निषेध म्हणून काही लेखकांनी शासनाच्या साहित्यसंस्थांवरच्या पदांचे राजीनामे दिले. पुस्तकावर बंदी नव्हती. ते विकलं जात होतं, वाचलं जात होतं. शासनाला अडवता येत नव्हतं, फक्त नाव देता येत होतं. माझ्याच हिशेबाने ही किमती मंजुरी व्हायला हवी होती. ती झाली नाही, कारण नाव ज्यांचं होतं त्या परीक्षकांच्या हातात ते राहिलं नाही. जाणत्यांचा होकार वरच्या मजल्यावरून काढून घेता येत असेल, तर तो पहिल्यापासून त्यांचा होकार नव्हताच. रोमच्या त्या पहिल्या बिशपसारखा ‘वरिष्ठांना योग्य वाटल्यास’ होता.

राहता राहिलं नाटक. महाराष्ट्रात कविता, कादंबरी, निबंध, काहीही छापायला कोणाला विचारावं लागत नाही. ‘सखाराम बाइंडर’ पुस्तक म्हणून कुठल्याही दुकानात मिळतं. तेच संवाद रंगमंचावर तिकीट लावून बोलायचे असतील तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. १९७२ साली याच नाटकासाठी कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. २०१६ साली अमोल पालेकरांनी या पूर्वपरवानगीलाच न्यायालयात आव्हान दिलं. मंडळावर बसणारी माणसं बहुधा नाटकातलीच असतात, त्यांच्या जाणतेपणाबद्दल माझी तक्रार नाही. पण आज त्यांचं प्रमाणपत्र कोणता निर्माता जाहिरातीत अभिमानाने छापतो? कोणीच नाही, कारण ते प्रत्येकाकडे असतं. मंडळाने संहिता वाचावी, नाटक पाहावं, कोणत्या वयाच्या प्रेक्षकाला ते झेपेल ते सांगावं, आवडलं तर तसं म्हणावं, आणि सगळं सदस्यांच्या नावानिशी म्हणावं. ज्या निर्मात्याला त्यांचं नाव हवं त्याने ते पेपीसच्या नावासारखं ठळक छापावं; ज्याला नको त्याने तिसरी घंटा वाजवावी आणि पडदा उघडावा.